तीन कोटी वर्षांचा पाहुणा आणि हॉस्टेलची गच्ची

"शहरातून आकाशात काही दिसत नाही" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासून बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. डोळ्यांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पुण्याच्या मध्यवस्तीतून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, दिसतात ते ठळक तारे, ग्रह आणि लोहगावला उतरणारी विमानं. पण कॅमेऱ्यापुरतं ते खरं आहे का? आणि खरं नसेल, तर किती खोटं आहे? आपण इंजिनिअरिंगची मुलं. "किती?" हा प्रश्न आपल्याला पडायलाच हवा.

मला तो पडला त्याला एक साधं कारण आहे. आकाशाचे फोटो काढणारी अनुभवी मंडळी पहिला सल्ला देतात तो म्हणजे "अंधाऱ्या जागी जा." सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. आयुकानेसुद्धा आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात न बसवता जुन्नरजवळ गिरवलीला बसवली आहे. पण आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट रात्री साडेनऊला बंद होतं. अंधारं आकाश गाठायचं तर गाडी हवी, सोबत हवी, घरची आणि रेक्टर मॅडमची परवानगी हवी, आणि अख्खी रात्र बाहेर काढायची मुभा हवी. ती सगळ्यांकडे नसते. माझ्याकडे होती ती गच्ची. म्हणून हा लेख: गच्चीवरून दूरच्या सर्पिल दीर्घिकेचा फोटो कसा काढायचा, आणि त्याची नेमकी काय किंमत पडते.

(एक सूचना आधीच देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हे सगळं मी इंग्रजीतून वाचलं. जिथे मराठी शब्द गोड आणि सोपा आहे तिथे तो वापरलाय, जिथे आपण सगळे लॅबमध्ये इंग्रजीच बोलतो तिथे इंग्रजी.)

पाहुणा कोण?

आपला पाहुणा आहे एम ५१, म्हणजेच व्हर्लपूल दीर्घिका. सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीची. त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर, श्यामशबल या तारकासमूहात ही दीर्घिका आहे. हात लांब करून मधली तीन बोटं धरली तर पाच अंश भरतात, म्हणजे मरीचीपासून त्याहूनही जवळ! अंतर मात्र अंदाजे ३ कोटी प्रकाशवर्षं. आज रात्री कॅमेऱ्यात जो प्रकाश शिरेल तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

चार्ल्स मेसिएने ती १७७३ साली नोंदवली, पण त्याला दिसला तो एक धुरकट ठिपका. १८४५ साली आयर्लंडमध्ये विल्यम पार्सन्स, म्हणजे लॉर्ड रॉस यांनी आपल्या ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि त्यांना तिचे वळलेले बाहू दिसले. सर्पिल आकार ओळखला गेलेली ही पहिली दीर्घिका. फोटो नाही, त्यांनी डोळ्यांनी बघून हाताने चित्र काढलं! आणि ही चक्रं आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत की आत, हे एडविन हबलच्या कामामुळे १९२० च्या दशकात स्पष्ट झालं.

तिच्या एका बाहूच्या टोकाशी एक छोटी दीर्घिका चिकटल्यासारखी दिसते, एनजीसी ५१९५. दोघींच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीमुळे हे बाहू इतके ठसठशीत झाले असं मानतात.

दीर्घिका पुसली जात नाही, बुडते

आता मूळ मुद्दा. रस्त्यावरचा दिवा वर प्रकाश टाकतो, हवेतले रेणू आणि धूळ तो विखुरतात आणि त्यातला काही खाली परत येतो. त्यामुळे काळं असायला हवं ते आकाश राखाडी किंवा नारिंगी दिसतं. लक्षात घ्या, हा प्रकाश दीर्घिकेच्या प्रकाशाला अडवत नाही. दीर्घिकेचे फोटॉन गिरवलीला जेवढे पोचतात, जवळजवळ तेवढेच (धूळ वजा जाता) आमच्या गच्चीवरही पोचतात. फक्त त्यांच्यावर शहराच्या फोटॉनची गर्दी पडते.

किती गर्दी? एम ५१ ची एकूण प्रत ८.४, पण ती ११ गुणिले ७ कलामिनिटांवर पसरलेली. तो प्रकाश क्षेत्रफळावर वाटला तर दर चौरस कलासेकंदाला सरासरी प्रत २१.७ च्या आसपास येते. शहराच्या मध्यावर आकाशाचीच प्रत साधारण १८ धरा. (प्रत जितकी मोठी तितका प्रकाश कमी. ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट.) म्हणजे दीर्घिका सरासरीने आकाशाच्या तीन टक्के! बाहू बाहेरच्या बाजूला अजून फिके, दोन टक्के, एक टक्का, आणि मग त्याहूनही कमी.

कोणी म्हणेल, मग त्यात काय, कॉम्प्युटरवर आकाश वजा करून टाका. बरोबर, आणि आपण ते करतोच. पण भानगड पुढे आहे.

एम-थ्रीमधला पॉइसाँ आठवा

पत्र्याच्या शेडवर पाऊस पडतोय आणि तुम्ही एका वाटीत दर मिनिटाला पडणारे थेंब मोजताय असं समजा. सरासरी ४०० आली, तरी प्रत्येक मिनिटाला बरोबर ४०० पडणार नाहीत. कधी ३८५, कधी ४१७. ही चढउतार साधारण वर्गमुळाएवढी, म्हणजे २० ची. फोटॉनही असेच येतात, एकेकटे आणि बेभरवशाचे.

हिशेब सोपा जावा म्हणून समजा की एक मिनिटाच्या एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर आकाशाचे ४०० इलेक्ट्रॉन जमतात आणि दीर्घिकेच्या बाहूचे ८, म्हणजे दोन टक्के. आकाशाची सरासरी ४०० आपण वजा करू शकतो. पण तिची २० ची चढउतार वजा करता येत नाही, कारण कुठल्या पिक्सेलवर ती अधिक आणि कुठे उणे हे आपल्याला माहीत नसतं. सिग्नल ८, नॉइज २०. रेशो ०.४. बाहू त्यात आहे, पण ओळखू येत नाही. वर्गात सत्तर जण बोलत असताना शेवटच्या बाकावरचा एक जण कुजबुजला, तसं.

आता १०० फ्रेम बेरजेला घ्या. सिग्नल शंभर पट वाढतो: ८००. नॉइज मात्र शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे फक्त दहा पट वाढतो: २००. रेशो ४. बाहू दिसायला लागला! ४०० फ्रेम घेतल्या तर ८, ९०० घेतल्या तर १२. हेच स्टॅकिंग. यात जादू काहीच नाही. सिग्नल दर वेळी त्याच जागी येतो, नॉइज दर वेळी वेगळा येतो, एवढंच.

यातून एक कडू गोष्टही कळते. रेशो दुप्पट हवा तर वेळ चौपट. पहिल्या दीड-दोन तासांत चित्र झपाट्याने सुधारतं, पुढे प्रत्येक सुधारणा महाग होत जाते.

अंधाराचा भाव

शहराबाहेरच्या चांगल्या अंधाऱ्या जागी आकाशाची प्रत २१.५ धरू. १८ पासून फरक साडेतीन प्रतींचा, म्हणजे २५ पट. तिथे त्याच पिक्सेलवर आकाशाचे ४०० ऐवजी १६ इलेक्ट्रॉन येतील, दीर्घिकेचे मात्र तेच ८. रेशो १२ यायला शहरात लागतात ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास. तिथे ते काम साधारण तासाभरात होतं.

मला या लेखातून सांगायची गोष्ट हीच. शहरात अंधार मिळत नाही, पण तो वेळ देऊन विकत घेता येतो आणि त्याचा भाव कॅल्क्युलेटरवर काढता येतो. ज्याच्याकडे गाडी आहे तो एक तास देतो. ज्याच्याकडे फक्त गच्ची आहे तो पंधरा तास देतो. पण "काही दिसत नाही" आणि "पंधरा तास लागतात" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गच्चीवरची तयारी

वेळ आणि मोसम: एम ५१ साठी आपल्याकडे मार्च ते मे उत्तम. एप्रिलच्या मध्यात ती पुण्यातून रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच, उत्तरेकडे साधारण ६१ अंशांवर येते. ४० अंशांच्या वर ती सुमारे साडेसहा तास राहते. तेवढाच वेळ वापरायचा, कारण क्षितिजाजवळ धूळ आणि उजेड दोन्ही जास्त. चंद्र नसलेल्या रात्री निवडा, नाहीतर शहराच्या जोडीला तोही. जूनमध्ये पाऊस आला की दुकान बंद.

दुर्बीण आणि माउंट: आमच्या क्लबची ८० मिमी व्यासाची, ४८० मिमी फोकल लेंथची दुर्बीण आणि त्यावर डीएसएलआर. पृथ्वी सेकंदाला १५ कलासेकंद फिरते. आमच्या सेटअपमध्ये एक पिक्सेल म्हणजे १.६ कलासेकंद. म्हणजे मोटर नसेल तर एका सेकंदाच्या आतच ताऱ्याची रेघ होणार. त्यामुळे मोटरवर चालणारा इक्वेटोरियल माउंट हवाच. दुर्बीण लहान चालेल, पण माउंटवर काटकसर नको.

ध्रुव शोधणे: माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यात ध्रुवतारा फक्त साडेअठरा अंश उंचीवर असतो, आणि आमच्याकडे नेमकी तिथे सात मजली इमारत आहे. अशा वेळी आकाशाच्या दुसऱ्या भागाचे तीन फोटो घेऊन, ताऱ्यांच्या जागांवरून अक्ष किती चुकलाय ते सांगणारी सॉफ्टवेअर मिळतात. ध्रुव न बघता काम होतं. दीर्घिका शोधायलाही हीच युक्ती, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये ती दिसणार नाहीच.

आडोसा: समोरच्या सोसायटीच्या पार्किंगचा दिवा थेट लेन्सवर येत होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टँड लावला आणि दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटची नळी बसवली. आकाशाचा उजेड यामुळे कमी होत नाही, पण तिरका उजेड आत शिरत नाही. मेसच्या मावशी सकाळी लवकर कुरडया वाळत घालायला वर आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "काय गं, रात्रभर वाळवणाची राखण करत होतीस का?" मी म्हटलं, "हो मावशी, फक्त कावळे जरा लांबचे आहेत."

एक्स्पोजर: इथे शहराचा एक फायदा आहे! अंधाऱ्या जागी कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइज झाकला जावा म्हणून काही मिनिटांच्या फ्रेम घेतात. शहरात आकाशाचाच नॉइज २०, त्यापुढे रीड नॉइज ३ असला तरी एकूण २०.२. जवळजवळ शून्य फरक. त्यामुळे एक मिनिटाच्या, अगदी अर्ध्या मिनिटाच्या फ्रेमही चालतात. माउंटची थोडी चूक झाली, गच्चीवर कोणी चाललं, विमान गेलं, तर एक फ्रेम फुकट जाते, रात्र नाही. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण दोन-चार पिक्सेल सरकवा. याला डिदरिंग म्हणतात. नाहीतर सेन्सरचे स्वतःचे डाग दर वेळी त्याच जागी येतात आणि स्टॅकिंग त्यांनाही सिग्नल समजतं.

टी-शर्टचं महत्त्व

शहरात सगळ्यांत महत्त्वाची पायरी कोणती विचाराल तर मी फ्लॅट फ्रेम म्हणेन. कुठल्याही दुर्बिणीत फोटोचे कोपरे मध्यापेक्षा काळपट येतात. हा फरक सहज १०-२० टक्के असतो. सेन्सरवरच्या धुळीच्या कणाची सावली एखाद-दोन टक्के. आणि आपली दीर्घिका? दोन टक्के! म्हणजे धुळीचा कण आणि ३ कोटी प्रकाशवर्षांवरचा बाहू एकाच मापाचे. अंधाऱ्या जागी आकाश मुळातच कमी, त्यामुळे त्याचे वीस टक्केही कमीच. शहरात ते दीर्घिकेला गिळून टाकतात.

उपाय स्वस्त आहे. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट सुरकुत्या न ठेवता ताणून रबरबँडने बांधायचा आणि तिन्हीसांजेच्या किंवा पहाटेच्या एकसारख्या आकाशाकडे रोखून २५-३० फोटो घ्यायचे. कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. या फ्रेमने मूळ फोटोला भागलं की कोपरे आणि धूळ दोन्ही जातात. त्याच रात्री, त्याच तापमानाला झाकण लावून डार्क फ्रेमही घ्या. एप्रिलच्या उकाड्यात सेन्सरही तापतो.

फिल्टरने काम होईल का?

पूर्वी रस्त्यावर सोडियम आणि मर्क्युरीचे दिवे असत. त्यांचा बराचसा प्रकाश ठराविक तरंगलांबींच्या आसपास एकवटलेला, त्यामुळे तेवढा भाग कापणारे फिल्टर चांगले चालत. २०१५ साली देशभर रस्त्यांवर एलईडी लावायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दिवे झपाट्याने बदलले. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश, तोही सलग पसरलेला. मग फिल्टर कोणाला कापणार? पाहुण्यालाही कापणार. म्हणून दीर्घिकेसाठी महागडा फिल्टर घेण्याआधी तेवढ्याच पैशात किती रात्रींचा चहा येतो ते मोजा.

अपवाद एक. बाहूंमध्ये जिथे नवे तारे जन्मतात तिथला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला लाल चमकतो. तेवढीच अरुंद पट्टी सोडणारा फिल्टर लावला तर ते लाल ठिपके शहरातूनही छान येतात. गंमत म्हणजे एम ५१ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४६० किमी वेगाने दूर जातेय, त्यामुळे ही रेषा सुमारे १ नॅनोमीटरने लालकडे सरकते. ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये ती आरामात बसते. फारच अरुंद फिल्टर घेतला तर काठावर जाते. डॉप्लर इफेक्ट फक्त व्हायवापुरता नसतो!

काय मिळालं, काय नाही

मार्च आणि एप्रिलच्या दोन अमावास्यांच्या आगेमागे मिळून सात रात्री मी गच्चीवर होते. ८४० फ्रेम काढल्या. ढग, वारा आणि विमानं वगळून ६१० ठेवल्या, म्हणजे दहा तासांहून थोड्या जास्त. स्टॅकिंगसाठी डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. शहराच्या बाजूला आकाश जास्त उजळ येतं. तो उतार सॉफ्टवेअर मोजून वजा करतं. शेवटी फोटो निम्म्या आकाराचा केला. चार पिक्सेलचा एक झाला की रेशो दुप्पट होतो, आणि शहराच्या थरथरत्या हवेत तितकं बारीक तपशील नाहीतरी मिळत नव्हतंच.

एका फ्रेममध्ये फक्त दोन धुरकट ठिपके होते, मेसिएला दिसले असतील तसे. ६१० मध्ये दोन्ही बाहू मध्यापासून बाहेरपर्यंत वळताना स्वच्छ दिसतात. त्यांच्या आतल्या कडेला धुळीची काळपट रेघ दिसते. एनजीसी ५१९५ कडे जाणारा पूलही दिसतो, फिका पण नक्की. दिसत नाही तो दोघींभोवती पसरलेला विरळ ताऱ्यांचा धुरळा, जो अंधाऱ्या जागच्या फोटोंत दिसतो. तो आकाशाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याचा हिशेब मी केला, आणि तो एका हॉस्टेलच्या मुलीच्या एका मोसमात बसत नाही.

हा हिशेब उलटाही करून बघा. शहराने दिव्यांना नुसत्या टोप्या घातल्या, म्हणजे प्रकाश वर न जाता रस्त्यावर पडला, आणि आकाशाचा उजेड निम्मा झाला, तर रेशो १२ साठी १५ तासांऐवजी आठ तासांच्या आत काम होईल. रस्ता तेवढाच उजळ राहील, आणि मुलींना रात्री रस्त्यावर उजेड हवाच असतो, हे मी वेगळं सांगायला नको. प्रश्न उजेडाचा नाही, तो कुठल्या दिशेला सांडतोय याचा आहे. वर सांडलेल्या उजेडाचं बिल वीज कंपनीला तर जातंच, पण तासांमध्ये ते गच्चीवाल्यांना भरावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो (आणि मित्रांनो!), गेट बंद झालं म्हणून आकाश बंद होत नाही. रेक्टर मॅडमना लेखी अर्ज द्या, जिन्याच्या दाराची किल्ली मागून घ्या, टी-शर्ट धुऊन ठेवा. क्लबचा माउंट इंटर्नलच्या आठवड्यात कोणी मागत नाही, तेव्हा तो सहज मिळतो. मरीची शोधा, आणि पहिल्या फ्रेममध्ये काही दिसलं नाही तर शंभरावीपर्यंत थांबा.